शिक्षणप्रवाहातून निसटणारी मुले आणि आपला समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा यथोचित गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ मी घेणार नाही. मी व्यवसायाने कापड दुकानदार. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो, तो आजतागायत. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तथापि मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी कापडाच्या गादीवर बसलेल्या माणसाला कोणाच्या घरी काय चालले आहे, हे पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटाआधी कळते. म्हणून हा विषय मी स्वतः मागून घेतला.

आपण प्रतिवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. ही प्रथा चांगलीच आहे आणि ती चालू राहावी. परंतु ज्या मुलाला नव्वद टक्के गुण मिळाले, तो आपल्या सन्मानचिन्हाविनाही पुढे गेलाच असता. सत्काराच्या यादीत ज्याचे नाव कधीच येत नाही, जो आठवीत अडखळतो, नववीत गैरहजर राहू लागतो आणि दहावीच्या आत कोणाच्या तरी दुकानात, गॅरेजमध्ये वा ऊसतोडीच्या टोळीत दिसू लागतो, त्याच्यासाठी पन्नास वर्षांनंतर आपण काय करणार, हा आजचा माझा प्रश्न आहे.

आपल्या तालुक्यातील तांड्यांवरून व वाड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, हे आपणांस सांगावयास नको. मुकादमाकडून उचल मिळाली की मंडळी बाजारात येतात, उधारी फेडतात, पोराबाळांना कपडे घेतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, काही कर्नाटकाच्या कारखान्यांकडे रवाना होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी बरोबर जाते. गाळप संपून मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत शाळेचे दुसरे सत्र संपत आलेले असते. पुढच्या वर्गात तिचे नाव चढते, पण मागच्या वर्गाचे वाचन मागेच राहिलेले असते. असे तीन-चार हंगाम गेले की ती मुलगी शाळेतून वेगळी 'काढावी' लागत नाही. ती आपोआप बाहेर पडलेली असते.

या मुलांसाठी काहीच व्यवस्था नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन तो जेथे जाईल तेथील शाळेत बसविण्याची तरतूद आहे. साखर शाळांचा प्रयोग जुनाच आहे. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर केली. शिक्षकांमधून 'बालरक्षक' पुढे आले असून त्यांपैकी कित्येकांनी टोळीबरोबर निघालेली मुले समजावून मागे ठेवली आहेत. उणीव आहे ती कागद आणि मूल यांच्यामधल्या माणसाची. अंगठा उठविणाऱ्या बापाला हंगामी वसतिगृहाचे नाव माहीत नसते आणि माहीत झाले तरी कोणाच्या टेबलापुढे उभे राहायचे, ते कळत नाही.

दुसरी गोष्ट कापड व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. लग्नाचा बस्ता बांधावयास मंडळी येतात तेव्हा नवरीलाही सोबत आणतात. शालू तिच्या खांद्यावर टाकून पाहताना कधीकधी असे दिसते, की मुलीच्या अजून शाळेच्या दोन वेण्या आहेत. पत्रिका छापण्यापूर्वी, मंडप ठरण्यापूर्वी ते लग्न आपल्याला ठाऊक झालेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षे वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांच्या आत झालेला होता. जालन्यासह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली असा विवाह लावणाऱ्यास व त्याला उत्तेजन देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता व्यवहाराची बाजूही बोलली पाहिजे. बस्त्याचे गिऱ्हाईक म्हणजे लग्नसराईतले मोठे गिऱ्हाईक. त्याला दोन शब्द सुनावले तर ते समोरच्या दुकानात जाईल, आणि बस्ता तेथे बांधला जाऊन लग्न तर होईलच. म्हणून गादीवरून उपदेश करावा, असे मी म्हणत नाही. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविकेला घर ठाऊक असते आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी अहोरात्र चालू असते. तेथे कळविणाऱ्याचे नाव उघड केले जात नाही. मात्र लग्न थांबले म्हणजे काम संपले, असे समजू नये. ती मुलगी घरी बसून राहिली तर पुढच्या वैशाखात तोच बस्ता पुन्हा बांधला जाईल. ती शाळेत परतली पाहिजे. गाव ते शाळा प्रवासासाठी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. शाळा सुटलेल्या मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी सोय आपल्या जिल्ह्यातही आहे. हे तिच्या आईला समजावून सांगणारी, तिच्यासोबत जाणारी एखादी बाई हवी. महिला मंडळाच्या भगिनींनो, हे काम आम्हा पुरुषांना जमणारे नाही.

तिसरा विषय आपल्याच घरांतला आहे आणि तो थोडा अवघड आहे. मुलगा अभ्यासात मागे पडला की आपल्याकडे एक सोपे औषध आहे: त्याला दुकानात बसवा. 'शिकून तरी शेवटी गल्ल्यावरच बसायचे आहे' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. शहाणपणाचे वाटणारे हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. ज्याला शिकायचे नाही त्याने दुकान सांभाळणे वेगळे आणि ज्याला वाचताच येत नाही म्हणून दुकानात लपविणे वेगळे. एखादे मूल बोलण्यात, हिशोबात चलाख असते, परंतु अक्षरे उलटसुलट लिहिते, चार ओळी वाचताना घामाघूम होते. त्याला आपण आळशी म्हणतो, फार तर साठ मुलांच्या क्लासला पाठवितो. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यता दिली असून शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षकांची व्यवस्था असते. त्यांच्याकडे मुलाला नेण्यात कमीपणा कसला? डोळ्यांना चष्मा लागला तर आपण लपवितो काय?

जाता जाता आणखी एक. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही दुकानात नोकर म्हणून ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीपासून पूर्णतः बेकायदेशीर आहे. स्वतःच्या मुलाची घरच्या धंद्यात मदत घेता येते, तीही शाळेची वेळ सोडून. चहा सांगावयाला, थान उचलावयाला पोऱ्या ठेवण्याची आपली जुनी सवय या समारंभाबरोबर संपावी.

कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन होते, हे आपण अभिमानाने सांगतो. ते स्वतः इंग्रजी सहावीपलीकडे शिकले नव्हते, हे मात्र कमी सांगतो. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालविला, लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर ते गावोगावच्या मुलांची वाट पाहत बसले नाहीत. मुले शोधून त्यांनी वसतिगृहात आणली, आणि जात न विचारता एका पंक्तीत बसविली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने दिले. फी भरून पावती घेणे हे दान सोपे आहे. लक्ष्मीबाईंनी दिले ते यापेक्षा अधिक होते, कारण ती मुले त्यांच्या घरचीच झाली होती.

आपल्या पिढीने पाहिलेले उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा वह्या-पुस्तकांचे ट्रक धाडणारे पुष्कळ होते. मूळचे बीड जिल्ह्याचे शांतिलालजी मुथा यांनी भारतीय जैन संघटनेच्या वतीने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेले आणि त्यांचे शिक्षण व निवास दोन्ही पत्करले. पुढे वाघोलीच्या त्याच शैक्षणिक पुनर्वसन केंद्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलेही शिकली. एवढे मोठे कार्य मंठ्यातून होणार नाही. परंतु मुलाला कोठे जायचे ते सांगून न थांबता तेथवर त्याच्याबरोबर जाणे, ही रीत लहान गावालाही झेपते.

ती झेपते कशी, याचे एक उदाहरण देतो. एका विधवा भगिनीचा मुलगा सातवीत होता. फी थकली म्हणून एका खासगी शाळेने दाखला अडविला. दाखला नाही म्हणून दुसरीकडे प्रवेश नाही, अशी तिची समजूत. चार महिने मुलगा घरी. ती दुकानात आली ती घेतलेले कापड परत करावयास. बोलता बोलता हे निघाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक कायद्याची प्रत घेऊन तिच्यासोबत गेले. त्यांनी आवाज चढविला नाही. लेखी अर्ज दिला, पोच मागितली आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना देणार असल्याचे नम्रपणे सांगितले. त्याच दिवशी दुपारी दाखला हाती आला. ती भगिनी त्यापूर्वी त्याच कचेरीत तीन वेळा जाऊन आली होती. फरक पडला तो केवळ सोबतच्या एका माणसाचा.

त्याच कायद्याने सहा ते चौदा वयाच्या शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला आहे. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला परीक्षा आली, नापासांसाठी फेरपरीक्षा आली. तरीही आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ज्याची शाळा सुटूनच गेली, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. पण हे अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरावे लागतात. फेब्रुवारीत जाग आलेल्या पालकाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे, की सभागृहाच्या वरच्या मजल्यावरील खोली रोज संध्याकाळी दोन तास उघडावी. वेतन देऊन एक चांगला शिक्षक नेमावा. तेथे इयत्तेनुसार मुले बसवू नयेत. ज्याला वाचता येत नाही तो सातवीचा असो वा चौथीचा, एकत्र बसेल. ज्याचा भागाकार कच्चा, त्यांचा दुसरा गट. 'प्रथम' या संस्थेने १९९५ पासून मुंबईच्या वस्त्यांत काम करीत हीच पद्धत देशभर नेली. शिवाय दोन जाणती माणसे, त्यांत एक भगिनी, आठवड्यातून एक दिवस पालकांसोबत शाळेत, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, दवाखान्यात जाण्यासाठी असावीत.

समाजाचा पैसा तांड्यावरच्या मुलांसाठी का, असा प्रश्न निघेल. निघावा, तो रास्त आहे. ट्रस्टच्या घटनेतील उद्दिष्टे पाहून, ठराव करून, या कामाचे खाते स्वतंत्र ठेवावे आणि ज्याला द्यायचे त्यानेच त्यात द्यावे. माझ्या दुकानाची पहिली रक्कम मी कार्यालयात जमा केली आहे. एक अट मात्र असावी: मदत घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र फलकावर लागू नये आणि पुढच्या स्मरणिकेत तर मुळीच छापू नये.

उद्यापासून कार्यालयात व्यवस्थापकांजवळ एक नोंदवही राहील. आपल्या दुकानात, शेतावर, गल्लीत शाळेच्या वेळी जे मूल दिसेल, त्याचे नाव, गाव व पालकाचा ठावठिकाणा त्यात लिहावा. वहीतली नावे बाहेर जाणार नाहीत. निवृत्त शिक्षक बंधू-भगिनींनी आपला कोणता वार मोकळा आहे, ते शेवटच्या पानावर लिहावे. मुकादमांच्या गाड्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. वसतिगृहात राहू इच्छिणाऱ्या मुलांची यादी शाळेकडे त्यापूर्वी गेली पाहिजे, तेव्हा आपली पहिली बैठक दसऱ्याच्या आत होईल.