अंगणवाडी मागून घ्या

उजनीच्या पाण्यात जुनी गावं गेली, वस्त्या पांगल्या. आई उसात खुरपायला गेली की धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची ताई शाळा बुडवून घरी. आम्ही गिरणीतून रजेवर येतो, दरवेळी हेच बघतो. अंगणवाडी गावात, तेवढं लांब चिमुकलं पोर चालणार कसं? ती नुसती खिचडीची जागा नव्हे, पोराची पहिली शाळा आहे. अन् १९७५ पासूनची सरकारी योजना, कुणाची मेहेरबानी नाही.

१३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असून अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत द्या, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अगोदर. आम्ही घरोघर फिरून यादी केली. ३६ भरली. ऊसतोडीला गेलेली घरं राहिलीत. त्यांच्या शेजाऱ्यांनी मुलांची नावं, वयं आजच वहीत लिहून द्यावीत.