विद्यापीठाची वही आणि आपली वही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



अकोल्याचे कृषी विद्यापीठ कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाही. १९६७ साली त्यासाठी आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९६९ साली विद्यापीठ उभे राहिले, ते आसपासच्या गावांच्या जमिनी घेऊन. तेव्हा तिथे हात जोडून, दाराशी चपला काढून जायचे काही कारण नाही.

या विद्यापीठांचा नमुना अमेरिकेचा. तिथे १८६२ साली कायदा झाला. सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून आलेल्या पैशातून शेती शिकवणारी कॉलेजे निघाली. १८८७ साली त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली, १९१४ साली विस्ताराचे काम. शिकवायचे, शोधायचे आणि शोधलेले बांधावर न्यायचे, तिन्ही कामे एका छपराखाली. आपल्याकडे १९६० साली पंतनगरला त्याच धर्तीवर पहिले विद्यापीठ निघाले. पण नमुना आणताना तिसरा पाय आखूड राहिला. बांधावर जायचे मोठे काम सरकारी खात्याकडेच राहिले.

संशोधन केंद्रांनी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्राने शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून निवडून काढली. बियाणे आपले, पारख त्यांची. नांदेडच्या केंद्राची ४४ नंबरची कपाशी लोक नाव घेऊन मागत. शेतकरी आणि शास्त्रज्ञ एका वावरात उभे राहिले की असे काही निघते. नाहीतर प्रयोग होतो सपाट, खोल काळ्या जमिनीत, कुंपणाच्या आत, आणि शिफारस येते आपल्या बरडावर, जिथे एकाच तुकड्यात वर मुरूम आणि खाली चिबड!

आता मुख्य मुद्दा. हमीभावाची शिफारस दिल्लीचा कृषी मूल्य आयोग करतो. त्याला आपला खर्च कुठून कळतो? त्यासाठी केंद्राची योजना १९७०-७१ पासून आहे. महाराष्ट्रात तिचे काम राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. गावांचा समूह निवडतात, जमिनीच्या आकारावरून शेतकऱ्यांचे पाच गट पाडतात आणि प्रत्येक गटातले दोन, असे दहा शेतकरी घेतात. मजूर किती, बैलजोडी किती, खत किती, याची नोंद होते. सभेतल्या किती जणांना हे ठाऊक होते? हात वर करा. बघा! ज्या वहीवर आपला भाव ठरतो, ती आपण पाहिलेलीही नाही.

या वहीतून दोन आकडे निघतात. खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी, हा एक. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मिळवले की दुसरा, मोठा. २०१८ साली दीडपट भावाची घोषणा झाली ती पहिल्यावर, लहान आकड्यावर. शिवाय बागायती आणि कोरडवाहू यांची मिळून राज्याची एक सरासरी. हलक्या जमिनीत उतारा कमी, म्हणून क्विंटलमागे खर्च जास्त. हे साधे गणित सरासरीत बुडून जाते. वेचणीला घरची बाई किती दिवस वाकली, हे तिलाच विचारले की घरधन्याला, हाही प्रश्न आहेच.

मीही कृषी पदवीधर, म्हणून सांगतो. शेवटच्या वर्षाची पोरेपोरी कार्यानुभवासाठी गावात येतात. आपण त्यांच्याकडून काय करून घेतो? बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, शाळेपुढे दोन झाडे, फोटो, चहा. पोरे हुशार असतात, राबायलाही तयार असतात. त्यांच्या हाती वही द्या. प्रत्येक तालुक्यात याच पद्धतीने दहा शेतकरी घ्यायचे. पोरांनी पेरणीपासून नोंद सुरू करायची, ती गेली की गावातल्या शिकलेल्या मुलीने ती पुढे चालवायची. वहीची एक प्रत गावात, एक विद्यापीठात. प्राध्यापकांनी ती तपासून सही करावी, हे मागणे घेऊन पुढच्या महिन्यात आपण अकोल्याला जाणार आहोत. सोबत दुसरे मागणे आहे, एका हंगामाचा प्रयोग आपल्या बरडावर करण्याचे. अर्धा एकर तुमच्या रीतीने, अर्धा त्यांच्या.

नावे बाहेरच्या टेबलावर द्या. सातबारा नको. जमीन हलकी, मध्यम की भारी एवढे सांगा, आणि वेचणीचा हिशेब कोण देणार, त्या बाईचे नाव वेगळे लिहा.