‘कोणाच्या दृष्टीने?’ – पदार्थविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न
(विज्ञान शिक्षकांसमोर केलेले भाषण)



हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय तरंग टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ साली मान्यता दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, असे तिचे स्वरूप आहे. तेथे नेमके काय मोजावयाचे, असे उद्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर केवळ सूत्र सांगून भागणार नाही. त्यासाठी एका साध्या प्रश्नापासून आरंभ करावा लागेल.

एस. टी. गाडीला अचानक ब्रेक लागतो आणि आपण पुढे झुकतो. आपणास कोणी ढकलले? कोणीही नाही. गाडी थांबली, आपले शरीर मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहत होते. हेच जडत्व होय. गाडी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने, धक्का न देता जात असेल, तर वर उडविलेले नाणे पुन्हा हातातच पडते. मग गतिमान कोण, गाडी की रस्त्याकडेचे झाड? ‘कोणाच्या दृष्टीने?’ हे ठरविल्यावाचून या प्रश्नास उत्तरच नाही. गॅलिलिओने १६३२ साली जहाजातील बंद खोलीचे उदाहरण देऊन हाच विचार मांडला होता.

आइन्स्टाइन यांनी १९०५ साली हे तत्त्व प्रकाशालाही लागू केले. एकसमान गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला निर्वातातील प्रकाशाचा वेग सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, आढळतो. हे मान्य केले की काळ सर्वांसाठी एकच राहत नाही. धावते घड्याळ मंद चालते. पुढे १९०७ साली त्यांना सुचले की, छपरावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. या विचारातून १९१५ साली व्यापक सापेक्षता सिद्धांत आकारास आला. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, हे त्याचे सार.

हे केवळ पुस्तकी पांडित्य नव्हे. जमीन मोजणीत आज वापरली जाणारी उपग्रहाधारित यंत्रे याच सिद्धांतावर विसंबून आहेत. जीपीएस उपग्रहातील घड्याळ वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर उंचीवरील क्षीण गुरुत्वामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात स्थाननिश्चितीत काही किलोमीटरची चूक साचेल. मग शेताच्या बांधाची हद्द कशी ठरणार?

विश्वाकडे पाहतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, हे हबल यांच्या १९२९ सालच्या निरीक्षणांवरून दिसले. मग आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत काय? रबरी पट्टीवर शाईचे ठिपके काढून ती वर्गात ताणून दाखवावी. प्रत्येक ठिपक्याला इतर सर्व ठिपके दूर जाताना दिसतात. जितके दूर, तितके अधिक वेगाने. विशेष मान कोणत्याच ठिपक्याला नाही.

आता औंढ्याकडे वळू. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की अवकाशच कंप पावते. अशा सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या घटनेचा तरंग अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपला. त्या वेळी ४ किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. इतका सूक्ष्म बदल औंढ्यालाही मोजावयाचा आहे.

अशी वेधशाळा आपल्या भूमीवर उभी राहावी आणि आपल्या मुलांनी ती केवळ कुंपणाबाहेरून पाहावी, हे आपणास शोभणारे नाही. सूत्रे पाठ करून गुण मिळतील. परंतु वेधशाळेत काम करणारी माणसे प्रश्न विचारण्याच्या सवयीतूनच घडतील. त्या सवयीला फार खर्च लागत नाही. एक नाणे, एक रबरी पट्टी आणि ‘कोणाच्या दृष्टीने?’ असे विचारणारा शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तो आरंभ आपल्या शाळांतून व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.