चिमुकल्या यंत्रांची बेगमी

रत्नागिरीच्या दक्षिणेस, गौतमी नदीच्या परिसरांत वसलेल्या पावस गांवीं आगोट जवळ आली म्हणजे घरोघर बेगमीची धांदल उडते. तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण हें सारें पहिली सर येण्यापूर्वीं घरांत आलेलें असावें लागतें. कोठी लहान असते. म्हणून काय घ्यावें यापेक्षां काय घेऊं नये याचाच विचार गृहिणीस अधिक करावा लागतो. आज ज्या विषयाचा परिचय श्रोत्यांस करून द्यावयाचा आहे, तोहि अशाच एका बेगमीचा आहे. मात्र येथें कोठी नखाएवढ्या चकतीवर सामावलेली असते.

घरांतील इंटरनेटचा राऊटर दिसावयास साधी डबी. परंतु तो एक संपूर्ण संगणक आहे. अशा पुष्कळ यंत्रांत लिनक्स नांवाची प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ती १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध केली. बटण दाबलें कीं एक छोटा आज्ञासंच जागा होतो आणि तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतींत आणून ठेवतो. पण गाभा एकटा कांहींच करूं शकत नाहीं. त्याला लागणारे कार्यक्रम, त्यांचे सामायिक ग्रंथालय, नेमणुकांचे कागद आणि उपकरणांच्या नोंदी हें सर्व एका झाडाप्रमाणें रचून ठेवलेलें असतें. त्या झाडास रूट फाइलसिस्टिम असें म्हणतात. गाभा तें झाड शोधतो आणि त्यांतील ‘इनिट’ नांवाचा पहिला कार्यक्रम सुरू करतो. तो सांपडला नाहीं तर यंत्र तेथेंच थांबतें. हें सारें झाड घडी घालून एकाच फाइलींत बांधलें म्हणजे त्याची ‘इमेज’ होते, आणि तीच चकतीवर उतरविली जाते.

जागा किती थोडी, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राऊटरच्या आरंभींच्या नमुन्यांत कायम सांठवणीस केवळ ४ मेगाबाइट आणि चालू कामास १६ मेगाबाइट एवढीच जागा होती. त्यांत लिनक्स वापरला असल्यामुळें परवान्याच्या अटीनुसार त्याची मूळ संहिता २००३ मध्यें लोकांस खुली करावी लागली. त्यांतूनच २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

एवढ्या जागेंत संसार थाटावयाचा तर युक्ति लागते. पहिली युक्ति बिझीबॉक्सची. फाइलींची यादी दाखविणें, नक्कल करणें, पुसून टाकणें अशा शेंकडों कामांसाठीं निरनिराळे कार्यक्रम न ठेवतां एकच कार्यक्रम ठेवावयाचा; ज्या नांवानें हांक मारावी तें काम तो करतो. दुसरी युक्ति म्हणजे आटोपशीर ग्रंथालय घेणें. तिसरी स्क्वॅशएफएसची: सारें झाड दाबून आंखूड करावयाचें आणि लागेल तेवढेंच उलगडून वाचावयाचें. हें सर्व त्या चिमुकल्या यंत्रावर शिजत नाहीं. मोठ्या संगणकावर बिल्डरूट किंवा योक्टो यांसारख्या साधनांच्या साह्यानें, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरास समजेल असें तें तयार करून मग खालीं उतरवावें लागतें.

आतां प्रश्न विजेचा. कोंकणांत पावसाळ्यांत वाऱ्यानें फांदी तारेवर पडते आणि वीज पूर्वसूचना न देतां जाते. नेमक्या त्याच क्षणीं यंत्र आपल्या सांठवणींत कांहीं लिहीत असेल, तर लेखन अर्धवट राहतें आणि दुसऱ्या दिवशीं यंत्र उठतच नाहीं. यावर उपाय असा कीं मूळ झाड केवळ वाचावयासाठीं ठेवावें. त्यांत कोणी कांहींच लिहूं नये. बदल करावयाचे ते वरच्या निराळ्या थरांत. आलेखावर पातळ कागद ठेवून त्यावर खुणा कराव्या, तसाच हा थर. बिघाड झाला तर राऊटरच्या पाठीमागील बारीक बटण दाबून धरावें; वरचा कागद निघून जातो, खालचा आलेख अभंग राहतो. रोजच्या नोंदीहि कायम सांठवणींत न लिहितां चालू स्मृतींतच ठेवाव्या, कारण त्या चकतीचा प्रत्येक भाग ठराविक वेळांच पुसतां येतो. अनेक जातींच्या चकत्यांत ही मर्यादा सुमारें एक लाखाची असते.

यापुढची पायरी सुधारलेली इमेज घालण्याची. ज्या यंत्रांत जागा आहे, तेथें दोन कप्पे ठेवतात. जुनी इमेज एका कप्प्यांत चालूं असतां नवी दुसऱ्यांत उतरवावयाची. ती नीट उठली तरच तिला मान्यता, नाहीं तर यंत्रानें आपण होऊन जुनीकडे परतावयाचें. जागा दुप्पट लागते हें खरें. पण डोंगरावरील खांबावर बसविलेलें यंत्र एका चुकीच्या इमेजनें बंद पडलें, तर तेथें माणूस पाठविण्याचा खर्च त्याहून अधिक होतो.

हा विचार आपल्याच प्रांतांत प्रत्यक्ष उपयोगीं पडला आहे. पालघर जिल्ह्यांतील खामलोलीच्या परिसरांत मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनीं दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून खेड्यांस इंटरनेट पोंचविण्याचा प्रयोग केला. भारतांत ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्याचा मोठा भाग मोकळा पडलेला असतो, असें त्यांच्या अभ्यासांत आढळलें होतें. त्यासाठीं लागणारीं स्वस्त यंत्रें त्यांनीं ओपनडब्ल्यूआरटीच्या आधारें घडविलीं. संहिता खुली होती म्हणूनच परक्या कारखान्याची वाट न पाहतां हें करतां आलें.

इमेज रचतांना तीन गोष्टींची हटकून उपेक्षा होते. पहिली गुप्त शब्दाची. एकाच इमेजमधून हजारों यंत्रें निघतात, आणि सर्वांस एकच शब्द असला तर एक कुलूप उघडणारा सर्व घरें उघडतो. २०१६ मध्यें मिराई नांवाच्या उपद्रवी कार्यक्रमानें असेच कारखान्यांतील शब्द वापरून लक्षावधि कॅमेरे आणि राऊटर ताब्यांत घेतले. म्हणून पहिल्या सुरुवातीस प्रत्येक यंत्रानें आपल्या किल्ल्या आपणच तयार कराव्या. दुसरी घड्याळाची. पुष्कळ लहान यंत्रांत घड्याळास पेटी नसते. वीज गेली कीं तीं जुन्या तारखेवर जातात आणि सुरक्षित संकेतस्थळांचे दाखले अमान्य ठरूं लागतात. तेव्हां उठतांच वेळ विचारून घेण्याची व्यवस्था इमेजमध्येंच हवी. तिसरी गोष्ट मराठीची. यंत्रास पडदा असेल तर देवनागरी टंक आणि जोडाक्षरें जुळविणारा कार्यक्रम प्रारंभींच बांधला पाहिजे. नाहीं तर अक्षरांऐवजीं रिकामे चौकोन दिसतात. जागेची काटकसर करतांना प्रथम टंकावरच कात्री चालते, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

श्रोतेहो, कारखानदार एक दिवस नव्या इमेजा देणें बंद करतो आणि धडधाकट यंत्र केवळ असुरक्षित झालें म्हणून उकिरड्यावर जातें. संहिता खुली असेल तर त्याचें आयुष्य वाढवितां येतें. अर्थात् त्यासहि सीमा आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ४ मेगाबाइटांच्या यंत्रांस स्थान राहिलेलें नाहीं. तरी पण बेगमी कोणी आणि कोणत्या गरजा जाणून केली, याचें महत्त्व त्यामुळें कमी होत नाहीं. आंबा बागायतदाराचा व्यवहार, शाळेचा पाठ, आजाऱ्याचा संदेश या सर्वांची वाट आज याच डब्यांतून जाते. येथील वीज कशी जाते आणि येथील माणूस कोणती लिपि वाचतो, हें दूरच्या कारखान्यास ठाऊक नसतें. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांस तें ठाऊक असतें. बिल्डरूट विनामूल्य आहे, जुना राऊटर अडगळींत पडलेला आहे. तेव्हां या विद्येचा आरंभ करण्यास मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाहीं.