हृदय थकलं की सोबतची दुखणीही बघा

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. विहिरीवरची मोटर चालू असते, पण पाणी नीट वर चढत नाही, तसं ते असतं. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, उशाला उशी लागते.

मग घरचे दबक्या आवाजात विचारतात, किती वर्षं काढेल? आजार साधा नाही. निदानानंतर 5 वर्षांत निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. सोबत मधुमेह, किडनीचा विकार, चुलीच्या धुरानं खराब झालेली फुप्फुसं असली तर आयुष्य आणखी घटतं. अंगात रक्त कमी असणंही त्यातच आलं. ते तर आपण बायका आजारात धरतच नाही! रक्त कमी असलं की थकलेल्या हृदयाला जास्तच राबावं लागतं. यातल्या बऱ्याच दुखण्यांवर उपचार आहेत, पण आधी ती सापडायला हवीत.

म्हणून डॉक्टरांना विचारा, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन तपासायचं का? घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्यासुद्धा. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी साठतं, किडनीवर ताण येतो. बरं वाटलं म्हणून हृदयाच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. रोज सकाळी वजन बघा. 2-3 दिवसांत 2 किलो वाढलं तर लगेच दवाखाना गाठा.

आणि मीठ कमी. आम्ही गटात पापड लाटतो, विकतो, तरी सांगतो, अशा माणसाच्या ताटात पापड-लोणचं वाढू नका.