कार्डाची वेस



नेदरलँड्समध्ये डेबिट कार्डाला 'पिनपास' म्हणतात. तिथल्या देशी कार्डव्यवस्थेचं नाव 'पिन' होतं. ती २०१२ मध्ये गेली, पण शब्द मागे राहिला. इतका की 'पिनेन' असं त्याचं क्रियापदही रूढ झालं आहे. पाव घेतला, पिनेन. सायकलची ट्यूब बदलली, पिनेन. कित्येक दुकानांच्या दारावर 'फक्त पिन' अशी पाटीच असते. अशा देशात वीस वर्षं राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या खिशात नोटा अशा नसतातच. भारतात उतरलो की पहिली गाठ पडते ती पैसे देणाऱ्या यंत्राशी.

आपली समजूत अशी असते की खात्यात पैसे आहेत, म्हणजे ते कुठेही निघतील. खरं तर यंत्र आधी दुसरंच काही विचारतं. हे कार्ड कोणत्या जाळ्यातलं, आणि त्याला या गावात यायची परवानगी आहे का?

जाळं म्हणजे कार्डावरची ती छोटी खूण. युरोपात वर्षानुवर्षं 'मायस्ट्रो'ची खूण असायची. जुलै २०२३ पासून तिथे नवी मायस्ट्रो कार्डं देणं बंद झालं. त्या जागी व्हिसा किंवा मास्टरकार्डची डेबिट कार्डं येत आहेत. 'व्ही पे' नावाचं आणखी एक कार्ड होतं. ते चिपवरच चालायचं आणि मुळात युरोपापुरतंच केलेलं होतं. ते घेऊन आशियात आलेल्या प्रवाशांची पंचाईत व्हायची. जर्मनीचं 'जिरोकार्ड' आजही निव्वळ जर्मनीतलं आहे; दुसरी खूण जोडीला असेल तरच ते बाहेर चालतं. आणि खूण बरोबर असूनही कार्ड न चालणारे देश आहेतच. मार्च २०२२ पासून रशियात बाहेरची व्हिसा-मास्टरकार्डं चालत नाहीत, इराणमध्ये तर त्याआधीपासूनच नाहीत.

दुसरी गोष्ट परवानगीची. कार्डामागच्या काळ्या पट्टीची नक्कल करणाऱ्या टोळ्यांनी युरोपला फार सतावलं होतं. युरोपातली यंत्रं चिप मागू लागली, तेव्हा ही मंडळी नकली कार्डं घेऊन दूरच्या देशांत जायची, जिथे पट्टीवर काम भागायचं. बेल्जियमच्या बँकांनी जानेवारी २०११ मध्ये डेबिट कार्डं युरोपाबाहेर सरसकट बंद करून टाकली. ज्याला जायचं त्याने सांगून उघडून घ्यावं. पुढच्या दोनेक वर्षांत नेदरलँड्सही त्याच वाटेने गेलं. गावाला वेस असते ना, तशी कार्डालाही वेस आली. मला हा उपाय पटतो. पण ही वेस उघडते ती कधी कधी ठरावीक तारखेपुरतीच, ते ध्यानात ठेवायला हवं.

२०२२ च्या ऑक्टोबरात मी तीन आठवड्यांसाठी साताऱ्याला आलो होतो. परतायच्या दोन दिवस आधी आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्थातच मी तिकीट पुढे ढकललं. ऑपरेशनची अनामत दादाने भरली. राहिलेले ३० हजार सकाळी मी भरायचे, असं ठरलं. रुग्णालयाच्या खिडकीवर रोख किंवा यूपीआय, एवढंच चालत होतं. माझं इथलं खातं नागरिकत्व बदललं तेव्हाच बंद केलेलं, त्यामुळे यूपीआय नाही. यंत्राने कार्ड घेतलं, पिन घेतला आणि व्यवहार नाकारला.

दादा म्हणाला, "अरे, मशीनमध्ये पैसे नसतील. चल, पोवई नाक्यावर बघू."

तिथेही तेच शब्द. दोन वेगळ्या बँकांची यंत्रं एकच उत्तर देतात, तेव्हा तिसरं शोधत फिरू नये. नकार कार्डाच्या बँकेकडून येतोय असं समजावं. दादाच्या मोबाइलवरून इंटरनेट घेऊन मी बँकेचं अ‍ॅप उघडलं. 'जग' ही परवानगी ठरलेल्या परतीच्या दिवसापर्यंतच होती, आणि आदल्या मध्यरात्री ती संपली होती. तारीख महिनाभर पुढे नेली आणि काही मिनिटांत त्याच यंत्रातून नोटा आल्या.

पण त्याआधी यंत्राने एक प्रश्न विचारला. खरी मेख इथे आहे, श्रोतेहो. पडद्यावर आलं, '१०,००० रुपये म्हणजे इतके इतके युरो. हा दर मान्य आहे का?' खाली दोन बटणं, 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'डिक्लाइन'. मी डिक्लाइन दाबलं.

"अरे, नको म्हणालास तर पैसे कसे येतील?" दादा घाबरलाच.

पैसे आले. कारण आपण नाकारतो तो यंत्राने देऊ केलेला दर. पैसे काढणं नाकारत नाही. मग रुपयांचे युरो कार्डाच्या जाळ्याच्या दराने होतात आणि तो दर बहुधा बराच बरा असतो. सोप्या हिशोबासाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. दहा हजारांना १०० युरो लागावेत. यंत्राने ९२ चा दर लावला तर खात्यातून जवळजवळ १०९ युरो जातात. तीनदा काढले की सव्वीस युरो गेले, आणि पावतीवर त्याला कुठेही दंड म्हटलेलं नसतं! रुग्णालयाच्या धावपळीतला माणूस 'मान्य आहे'च दाबणार, हे ज्यांनी ती दोन बटणं रचली त्यांना चांगलं ठाऊक असावं.

युरो चालणाऱ्या देशांत हा प्रश्नच येत नाही. जुलै २००२ पासून तिथे कायदाच आहे, की ॲमस्टरडॅमच्या कार्डावर रोममध्ये युरो काढले तर घरच्यापेक्षा जास्त आकार लावायचा नाही. पण प्राग किंवा बुडापेस्टला गेलात की कोरुना आणि फोरिंट आले, आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्नही आला. एप्रिल २०२० पासून युरोपीय संघातल्या यंत्रांना हा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्क्यांनी चढा आहे, ते आधी दाखवावं लागतं. साताऱ्यातल्या यंत्राला तो कायदा लागू नाही. इथे डोकं आपलंच चालवायचं.

उरलेला खर्च म्हणजे आकार. आपली बँक बहुतेक वेळा दर खेपेला काही ठरावीक रक्कम घेते, यंत्राची बँकही परदेशी कार्डावर वेगळे पैसे लावू शकते. भारतात बरीच यंत्रं एका वेळी १०,००० च देतात, म्हणून खेपा वाढतात. जास्त रक्कम देणारं यंत्र सापडलं तर तेच बरं.

जाता जाता पिनविषयी. १९६७ मध्ये लंडनजवळ एनफील्डला बसवलेल्या पहिल्या यंत्राचे एक जनक, जॉन शेफर्ड-बॅरन, हे जन्माने शिलाँगचे. त्यांच्या मनात सहा आकडी पिन होता, पण पत्नीने सांगितलं, मला चारच लक्षात राहतील; म्हणून चार झाले, असं ते सांगत. स्वित्झर्लंडमध्ये आजही सहा आकडी पिन सर्रास आहे. अशा पाहुण्याने निघण्यापूर्वी बँकेला विचारून घ्यावं, कारण परदेशातली काही यंत्रं चार आकड्यांवरच थांबतात.

आणि यंत्राने विचारलं तर पावती घ्याच. कधी खात्यातून रक्कम वजा होते आणि नोटा बाहेर येत नाहीत. अशा वेळी इथल्या शाखेत भांडून उपयोग नसतो. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करायची असते, आणि ती यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ विचारते. तिचा चोवीस तास चालणारा फोन नंबर मी कागदावर लिहून पासपोर्टात ठेवतो. मोबाइल आणि पाकीट एकाच वेळी गेलं, तर तेवढाच कागद हाती असतो.