जुनी मोटार ठेवावी कीं दुसरी घ्यावी ?

फलटणहून निरा नदी ओलांडून इंदापूर तालुक्यांत शिरलें, म्हणजे वालचंदनगर फार दूर राहत नाहीं. ज्या वालचंद हिराचंदांच्या नांवानें हें गांव वसलें, त्यांनींच १९४४ सालीं मुंबईस प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली; आणि पुढें अनेक वर्षें महाराष्ट्रांतल्या मध्यमवर्गीय माणसाला मोटार म्हटली कीं याच कंपनीची फियाट, मागाहून पद्मिनी, डोळ्यांपुढें येई. त्या काळीं गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेनें घरांत आलेली वस्तु बदलण्याचा विचार कोणाच्या मनांत येणार ? ती बिघडे, दुरुस्त होई, पुन्हा बिघडे, आणि घरांतल्या वडील माणसाप्रमाणें तिचे स्वभावदोष सर्वांच्या अंगवळणीं पडत. मुंबईंत टॅक्सी म्हणून धांवणाऱ्या पद्मिनींतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिनेंहि रस्त्याचा निरोप घेतला.

आतां गाड्या मुबलक झाल्या, कर्ज सुलभ झालें, आणि पूर्वीं नसलेला प्रश्न घरोघर आला : आहे ती जुनी मोटार ठेवावी, कीं दुसरी घ्यावी ?

श्रोतेहो, फलटणच्या मलठण भागांतलें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरांत दोनच माणसें. यजमान लेखापालाच्या नोकरींतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यास. २०११ सालीं नोंदलेली एक छोटी पेट्रोल गाडी त्यांनीं २०१७ मध्यें सेकंडहँड घेतली, दोन लाख वीस हजारांस. बाजार, राम मंदिर, गांवाकडचीं लग्नकार्यें, आणि दर दोन महिन्यांनीं बाईंचे डोळे दाखविण्यासाठीं दिवे घाट उतरून पुणें; वर्षाकांठीं पांच हजार किलोमीटर, अधिक नाहींत. पेशा हिशेबाचा, म्हणून गाडीचीहि एक वही आहे. पेट्रोल किती, ऑईल केव्हां बदललें, बॅटरी कोणत्या महिन्यांत घातली, सगळें तींत नोंदलेलें.

एके दिवशीं मिस्त्रीनें यादी दिली : क्लचप्लेट, रेडिएटर, पुढचें सस्पेन्शन, ब्रेकचें काम आणि चार टायर, एकूण बेचाळीस हजार. गाडीला गिऱ्हाईक पंचाऐंशी हजारांचें. मुलाचा फोन आला, “बाबा, पंचाऐंशी हजारांच्या गाडीवर बेचाळीस हजार घालणें शहाणपणाचें नव्हे. तुम्ही नवीच घ्या, कर्ज मी काढतों.”

मुलाची माया खरी. हिशेब मात्र चुकलेला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशीं ताडून पाहण्याची खोड सर्वत्र आढळते. ताडावयाचा तो दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशीं. यजमानांनीं वहीचें कोरें पान काढून तीन रकाने आंखले.

पहिला रकाना नव्या गाडीचा. दुकानची किंमत सहा लाख धरली. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के कर, म्हणजे सहासष्ट हजार. त्यांत विमा वगैरे मिळवून सुमारें सात लाख. आतां ती जुनी किती वेगानें होते ? विम्याच्या पत्रकांत घसाऱ्याचे टप्पे दिलेले असतात : सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४०, आणि चार वर्षांनंतर ५० टक्के. पांच वर्षांच्या शेवटीं सात लाखांचे तीन लाख राहिले, तर वर्षास ऐंशी हजार गेले. गुंतलेल्या रकमेवरचें बुडालेलें व्याज साडेसहा टक्क्यांनीं बत्तीस हजार, विमा-सर्व्हिसिंग वीस हजार. एकंदर एक लाख बत्तीस हजार. कर्ज काढल्यास याहून अधिक.

दुसरा रकाना जुन्या गाडीचा. बेचाळीस हजारांचें काम तीन वर्षें पुरेल असें धरून वर्षास चौदा, विमा व किरकोळ दुरुस्ती अठरा, घटणारी किंमत पंधरा, व्याज चार, नोंदणीच्या नूतनीकरणाचे दोन. एकूण त्रेपन्न हजार.

नूतनीकरणाविषयीं एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. दिल्ली परिसराकरितां झालेल्या आदेशांच्या बातम्या वाचून पुष्कळांना वाटतें कीं, पंधरा वर्षें भरलीं म्हणजे गाडी भंगारांत गेली. महाराष्ट्रांतल्या खासगी मोटारीस तसें बंधन नाहीं. तपासणींत ती योग्य ठरली कीं नोंदणी पुढें पांच वर्षें चालते. शुल्क मात्र १ एप्रिल २०२२ पासून सहाशेंचें पांच हजार झालें आणि पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीचा भाव पाडण्यासाठीं दलाल ही भीति हटकून घालतात.

वहींतली दुसरी एक नोंद यजमानांना सलत होती. पूर्वीं लिटरला सतरा किलोमीटर देणारी गाडी सोळांवर आली होती. इंजिन थकलें, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. वास्तविक दोष इंजिनाचा असेलच असें नाहीं. २०२५ पर्यंत देशांतल्या पेट्रोलमधलें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें, आणि इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांशच ऊर्जा असते. फलटणकरांस हें नवल वाटूं नये. १९६८ सालीं बनबिहारी निंबकरांनीं येथें स्थापन केलेल्या कृषि संशोधन संस्थेंत गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्याचे प्रयोग कित्येक वर्षांपूर्वींच झाले आहेत, आणि उसाचे फड तर दाराशींच आहेत. परंतु २०२३ पूर्वींच्या बहुतेक गाड्यांतलीं रबरी नळ्या-वायसरें या मिश्रणासाठीं बनविलेलीं नव्हतीं. म्हणून दर सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या पाहून घ्याव्यात, एवढेंच.

तिसरा रकाना अर्थातच पांच वर्षें वापरलेल्या दुसऱ्या गाडीचा. नव्याची निम्मी किंमत कोणा दुसऱ्यानें सोसलेली असते, हा तिचा मोठा गुण. हस्तांतर व दलाली धरून सव्वातीन लाख. घट पस्तीस हजार, व्याज सोळा, विमा-दुरुस्ती पंचवीस. वर्षास शहात्तर हजार. पण आपल्या गाडीचे दोष आपणांस ठाऊक असतात, दुसऱ्याच्या गाडीचे त्याला ठाऊक असतात. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, पुरांत बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करितां येते. तेव्हां सर्व्हिसिंगच्या पावत्या, विम्याचे पूर्वींचे दावे, बँकेचा बोजा, थकलेले दंड, हें सर्व पाहून, आपला मिस्त्री बरोबर नेऊन, मगच इसार द्यावा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरील जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आहे. नवी स्वस्त झाल्यावर वापरलेलीला पूर्वींचा भाव देण्याचें कारण नाहीं.

तीन बेरजा खालीं लिहून यजमान समाधानानें म्हणाले, “जुनीच ठेवावी. वर्षाला तेवीस हजार वांचतात.”

बाई चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, या तिन्ही रकान्यांत मी कोठें बसतें ?”

यजमान गप्प राहिले. २०११ च्या त्या गाडीला एअरबॅग नव्हती आणि एबीएसहि नव्हतें. जोरानें ब्रेक दाबला असतां चाकें जखडून गाडी घसरूं नये व संकटांतहि ती वळवितां यावी, यासाठीं हें साधन असतें. पावसांत दिवे घाट उतरणाराला त्याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. सर्व नव्या मोटारींत तें १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचें झालें, आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग. ही माहिती हातीं येतांच यजमानांनीं २०२० सालची एक गाडी पसंतहि करून टाकली.

“ती पिशवी चाकापुढें,” बाई म्हणाल्या, “म्हणजे तुमच्यासाठीं. माझ्यापुढें काय ?”

प्रश्न अगदीं नेमका होता. पुढच्या प्रवाशासाठींची एअरबॅग सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली ती २०२२ च्या आरंभापासून. त्यापूर्वींच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत चालकाला संरक्षण आणि शेजारच्या माणसाला नाहीं, असा प्रकार आहे; आणि आपल्याकडे त्या शेजारच्या जागेवर बहुधा कोण बसतें, हें सांगावयास नको. वापरलेली गाडी घेणाराने रंग, गादी व गाणीं यांआधीं हें बनावटीचें साल पाहावें. (एअरबॅग आहे म्हणून पट्टा बांधूं नये, असें मात्र नव्हे, पट्ट्यावांचून ती पिशवीच इजा करूं शकते.)

२०२२ नंतरची गाडी म्हणजे आणखी चाळीस हजार. तिसऱ्या रकान्याची बेरीज चौऱ्याऐंशी हजारांवर गेली. जुन्या गाडीशीं फरक एकतीस हजारांचा, महिन्यास अडीच हजारांहून थोडा अधिक. तीन रकाने आंखल्यानें प्रश्न सुटला नव्हता. पण तो केवढा आहे हें कळलें होतें. पेन्शनींतून महिन्याला अडीच हजार द्यावयाचे कीं नाहीं, एवढाच तो होता. ज्या घराला तेवढे झेपत नाहींत, त्यानें बेचाळीस हजारांचें काम करून जुनी गाडी चालवावी, आणि घाटाच्या प्रवासाला एस.टी. जवळ करावी, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. या घराला ते झेपत होते, ते द्यावयाचे ठरलें, आणि मुलाच्या कर्जाची गरज उरली नाहीं.

घाई मात्र केली नाहीं. मिस्त्रीनें गाडी वर उचलून खालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनें ठोकून पाहिला. तो कुजलेला निघता तर सारा हिशेब तेथेंच संपता, कारण गंजलेल्या सांगाड्यावर खर्च करणें म्हणजे पाण्यांत पैसे टाकणें. पत्रा टणक होता. “काका, ब्रेक आणि टायर आजच करूं,” तो म्हणाला, “बाकीचें चार महिने थांबेल.” तेवढेंच केलें.

मनासारखी गाडी मिळायला पांच महिने लागले. जुनी घेतली जवळच्याच एका खेड्यांतल्या तरुण शिक्षकानें, शाळेपर्यंत सहा किलोमीटर जाण्यासाठीं. क्लच लौकर करावा लागेल आणि गाडीला एअरबॅग नाहीं, हें यजमानांनीं भाव ठरण्यापूर्वींच सांगितलें. त्यामुळें पांच हजार कमी आले. विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. नाहींतर पुढच्या अपघाताचीं व दंडाचीं पत्रें जुन्या मालकाच्या दारीं येतात. २९ व ३० नंबरचे फॉर्म यजमानांनीं त्याच दिवशीं सह्या करून दिले, त्यांची प्रत ठेवून घेतली, आणि किल्लीबरोबर ती वहीहि त्या शिक्षकाच्या हातीं दिली.